रेशमाला बांधलेलं कार्ड

शेडमध्ये नवं गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न किड्यांचा विचारतं. "रेशमासाठी किडे उकळून मारतात म्हणे, खरं का?" मी हो म्हणतो. कोष गरम पाण्यात टाकल्याशिवाय धागा सुटत नाही, आणि पतंग कोष फोडून बाहेर आला तर धाग्याचे तुकडे होतात. विचारणारा मग स्कार्फ गळ्याभोवती घेऊन आरशात बघतो आणि दुसरा प्रश्न भावाचा विचारतो. इतक्या वर्षांत हा क्रम बदललेला मी पाहिला नाही.

मी विणकर आहे. नेकनूरच्या बाहेर, रस्त्याला लागून पत्र्याच्या शेडमध्ये माझे चार माग होते. आता एक चालू आहे. आमच्या बीड जिल्ह्याचं नाव बाहेर ज्या गोष्टींसाठी निघतं त्यांत हातमाग कुठंच नाही, त्यामुळे पुण्याचं माणूस आधी चकित होतं. हल्ली इकडं तुतीची लागवड वाढली आहे, कोषांचा बाजार भरतो, हे त्याला सांगावं लागतं. मी मात्र काम शिकलो पैठणला. चौदा वर्षं दुसऱ्याच्या मागावर पैठणी विणली, मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून. गुडघे आखडले तेव्हा बायकोला आणि मुलाला घेऊन गावी परत आलो. बायकोचं नाव मंदा. शेड माझ्या नावावर होती, पण ताणा लावणं, बायकांना काम शिकवणं, कुणाला घरून डबा आला नाही हे ओळखणं, हे सगळं तिचं होतं.

या अंकाच्या संपादकांनी मला ‘तुमच्या कलेविषयी लिहा’ म्हणून सांगितलं. कलेविषयी थोडं लिहितो. बाकी जे लिहिणार आहे ते त्यांनी मागितलेलं नाही.

कापडात दोन धागे असतात. लांबीचा तो ताणा. तो मागावर आधीच ताणून बसवलेला असतो. आडवा तो बाणा. तो धोट्याबरोबर येतो-जातो. बहुतेक लोक कापड विणतात आणि मग त्यावर रंग देतात. आम्ही उलटं करायचो. विणायच्या आधी ताण्याचे हजार-बाराशे धागे शेडमागच्या मोकळ्या जागेत दोन खांबांमध्ये ताणायचे आणि त्या नुसत्या धाग्यांवर ब्रशनं चित्र काढायचं. मग वाळवायचं, वाफ द्यायची, धुवायचं आणि जसंच्या तसं मागावर चढवायचं. हे ‘जसंच्या तसं’ कधीच होत नाही. चढवताना एखादा धागा गव्हाभर पुढं सरकतो, एखादा मागं राहतो. चित्राच्या कडा त्यामुळे फुटतात, हलत्या पाण्यात दिसावं तसं चित्र दिसतं. ज्याला ते आवडतं तो वेडा होऊन घेतो. ज्याला आवडत नाही तो म्हणतो, रंग फुटलाय, बदलून द्या.

एकदा एका पुढाऱ्याचे कार्यकर्ते आले. साहेबांच्या वाढदिवसाला रेशमी उपरणं पाहिजे, त्यावर साहेबांचा चेहरा पाहिजे. मी समजावलं, या कामात चेहरा धरत नाही, वेलबुट्टी काढून देतो. त्यांच्यातला एक म्हणाला, "पैठणीवर मोर निघतंय आन् आमचा साहेब निघत न्हाई व्हय? काढ बे गपचिप." काढला. विणून उतरवला तेव्हा साहेबांचं तोंड डाव्या अंगाला बोटभर ओघळलेलं होतं, अर्धांगाचा झटका येऊन गेल्यासारखं. कार्यकर्त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. शेवटी एक जण हळूच म्हणाला, "मिशी मातर झकास आलीया." उपरणं त्यांनी नेलं नाही. मंदानं ते शिलाई मशीनवर झाकायला घेतलं.

तो चेहरा काढला होता द्वारकानं. हे लिहायला बसलोय ते तिच्यासाठी.

द्वारका आमच्याकडं आली तेव्हा तिशीची असेल. गावापासून चालत अर्ध्या तासावर डोंगराच्या कडेला एक वाडी आहे, तिथं तिचं सासर. नवरा बबन, सासू गयाबाई, दोन मुली. थोरली आरती, धाकटी सोनी. नवरा-बायको दर वर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला कर्नाटकात जायचे आणि उन्हाळ्यात परत यायचे. द्वारकाची पिशवी काढलेली होती. आमच्या भागात एवढं सांगितलं की पुढं काही विचारायचं उरत नाही. फडात पाळीचा खाडा चालत नाही, दुखण्याचा खाडा चालत नाही. बाई पोट दुखतंय म्हणून खासगी दवाखान्यात जाते, डॉक्टर सोनोग्राफीचा कागद दाखवतो, ठेवली तर कॅन्सर होईल म्हणतो, आणि पंचवीस-तीस वर्षांच्या बाईचं गर्भाशय काढून टाकतो. मग ती पुन्हा फडात. द्वारका त्यानंतर दोन हंगाम गेली. तिसऱ्या वर्षी तिला उसाची मोळी डोक्यावर घेता येईना. कंबर धरायची, भर थंडीत अंगाला घाम सुटायचा. बबन एकटाच जाऊ लागला आणि ही आमच्याकडं धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर धागा भरायला येऊ लागली.

चित्र काढायला तेव्हा बीडहून एक ड्रॉइंगचे मास्तर यायचे. एका रविवारी ते आलेच नाहीत. ताणा उन्हात ताणलेला, रंग कालवून तयार, आणि रंग फार वेळ थांबत नाही. मी मास्तरांना शिव्या देत फेऱ्या मारत होतो. द्वारका रंगाची भांडी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "दादा, मी मारू का रंग?"

"घर सारवायचं न्हाई हे," मी म्हणालो.

"म्हाईत हाय मला."

मंदा म्हणाली, "मारू द्या की. नाहीतरी वायाच जाणार हाय."

द्वारकानं फूल काढलं नाही, पान काढलं नाही. एका टोकाकडून तिनं काळा घेतला, तो पुढं नेत नेत विटकरी केला, त्यात मध्येच पिवळ्याची एक रेघ ओढली आणि दुसऱ्या टोकाला फिका, जवळजवळ पांढरा हिरवा. तिचा हात घाबरत नव्हता. मी विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, "फडातलं पाचट पेटवल्यावर दिवस मावळताना आसंच दिसतंय. पल्याड न तोडलेला ऊस असतोय, त्यो हिरवा."

तो ताणा मी स्वतः विणला. बाण्याला राखाडी रेशीम घेतलं. विणत असताना मला कळलं की मास्तरांना आता बोलवायची गरज नाही.

पुढची चार वर्षं चांगली गेली. पुण्याच्या एक मॅडम, त्यांचं कपड्याचं दुकान होतं, वर्षातून दोनदा गाडी घेऊन यायच्या आणि द्वारकानं रंगवलेलं तेवढं सगळं न्यायच्या. त्यांचं नाव इथं लिहीत नाही; त्यांचा दोष माझ्यापेक्षा कमी आहे. द्वारका सकाळी चालत यायची, पदर खोचून ताण्याला भिडायची. कुठला रंग घेऊ म्हणून तिनं मला पुन्हा कधी विचारलं नाही. एकदा मॅडमनी तिला विचारलं की इतके रंग सुचतात कसे. ती म्हणाली, "बारा वर्सं मान खाली घालून ऊस तोडला. आता मान वर केली की लई दिसतंय." आरती तेव्हा हायस्कूलला जायला लागली होती. शाळेतून येताना कधी शेडवर थांबायची, आईच्या हाताला लागलेला रंग नखानं खरवडून काढायची.

मंदाचं आणि तिचं फार जमलं. दुपारी जेवणं झाली की दोघी कांड्या भरत बसायच्या. एक दिवस द्वारका लवकर घरी गेली आणि मला जेवायला वाढताना मंदानं सांगितलं की द्वारकाच्या पिशवीला काही झालंच नव्हतं. पोटात दुखत होतं तेवढंच. डॉक्टर तिला म्हणाला, गोळ्यांनी बरं वाटेल, पण काढायची तर काढू. तिनंच सांगितलं, काढा. आणि घरच्यांना कॅन्सरचं सांगा.

"कावून पण?" मी विचारलं.

"दोन पोरीच हायेत ना तिला. सासूला नातू पायजे. दर वर्षी पोट घेऊन फडात जायचं, पोरगी झाली की पुन्हा पोट. ती म्हणली, वहिनी, ह्या दोघींची शाळा व्हायची असंल तर तिसरं नको. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं नसतं." मग मंदानं माझ्याकडं बघून म्हटलं, "कुणापाशी बोलू नका."

"मी कशाला बोलतो," मी म्हणालो.

त्या श्रावणात मॅडम मोठं काम घेऊन आल्या. परदेशातल्या एका दुकानासाठी दोनशे स्कार्फ. आमच्या शेडसाठी एवढं काम म्हणजे पुढचे सहा महिने चारही माग चालणार. मॅडम म्हणाल्या, गिऱ्हाईकाला आता नुसतं कापड पुरत नाही, ते कुणी केलं हेही त्याला कळायला हवं असतं. प्रत्येक स्कार्फला एक छोटं कार्ड बांधायचं, त्यावर द्वारकाचा फोटो आणि तिच्याबद्दल चार ओळी. त्यांनी वही काढली. द्वारका त्या दिवशी आली नव्हती, सोनीला ताप होता. मंदा बाजाराला गेली होती. मी सांगायला लागलो. ऊसतोड, मोळ्या, पिशवी काढणं.

मॅडम लिहीत होत्या, मग थांबल्या. म्हणाल्या, "हे फार वाईट आहे, पण अशा खूप जणी आहेत हो. हे आता सगळेच लिहितात."

मला ते लागलं. आमची द्वारका ‘खूप जणींतली’ नव्हती. तिच्यासारखा हात मी पैठणला चौदा वर्षांत पाहिला नव्हता. हे कारण मी पुढं कितीतरी वेळा स्वतःला दिलं आहे. दुसरं कारणही होतंच: वही मिटायला लागली होती आणि काम हातचं जाईल अशी मला भीती वाटली. मी म्हणालो, "हिचं वेगळं आहे." आणि सगळं सांगितलं.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या भराभर लिहू लागल्या. लिहून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवून सरळ विचारलं, "हे छापलं तर चालेल ना त्यांना? तुम्ही विचाराल का?"

"चालेल की," मी म्हणालो. "विचारायचं काय त्यात."

कार्डं आली दसऱ्याच्या आधी, खोकं भरून. जाड, मऊ कागद, वर मॅडमनी मागच्या खेपेला काढलेला द्वारकाचा फोटो, ताण्यावर वाकलेली, हातात ब्रश. नाव पूर्ण दिलं नव्हतं. खाली इंग्रजी मजकूर. माझं इंग्रजी पत्त्यापुरतं आहे, पण ‘डॉटर्स’ कळलं, ‘चॉइस’ कळलं. आणखी एक शब्द कळला नाही, पण तो पिशवीचाच असणार याचा अंदाज आला. मी खोकं मागच्या खोलीत नेऊन ठेवलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं. मग वाटलं, इंग्रजीत आहे, परदेशात जाणार आहे, इथं कोण वाचतंय.

कार्डं बांधायला द्वारकाच बसली. दुसरं कुणाला वेळ नव्हता. स्वतःचा फोटो पाहून ती इतकी हसली की तिनं तोंडाला पदर लावला. सगळ्या बायकांना दाखवला. रेशमाचाच दोरा घेऊन ती एकेक कार्ड एकेका स्कार्फला बांधत होती, गाठ बरोबर मध्ये येते का बघत होती. मंदानं विचारलं, काय लिहिलंय हो याच्यावर? मी म्हणालो, रेशमाची माहिती.

दिवाळीच्या सुट्टीला घरी निघताना द्वारका म्हणाली, "दादा, एक घेऊ का ह्यातलं? पोरींना दावते."

मी घे म्हणालो. त्या क्षणी नाही म्हणायला काय कारण देणार होतो? एवढाच विचार केला आणि घे म्हणालो.

पुढं काय झालं ते मी नंतर तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. तिनं ते कार्ड भिंतीला, आरशाच्या वर लावलं. तिचा धाकटा दीर पुण्याला कंपनीत कामाला आहे, तो पाडव्याला घरी आला. घरात पाहुणे होते, बबन ऊसतोडीला निघायच्या तयारीत होता. दिरानं फोटो पाहिला, कौतुक केलं, वहिनी आता परदेशात गेली म्हणाला. सगळ्यांना ऐकवायचं म्हणून त्यानं मोबाइल कार्डासमोर धरला. मोबाइल इंग्रजीचं मराठी करून देतो. त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता तो थांबला, पण तोवर बबननं मोबाइल त्याच्या हातातून घेऊन पुढचं वाचलं होतं.

दिवाळीनंतर शेड उघडली त्या दिवशी सकाळी सगळ्यांत आधी गयाबाई आली, द्वारकाची सासू. एकटी, चालत. कार्ड तिनं कमरेच्या पिशवीत ठेवलं होतं. ते माझ्यापुढं धरून म्हणाली, "हे तुमी छापलं?"

"पुण्याच्या मॅडमनी," मी म्हणालो.

"खरं हाय का पण ह्याच्यातलं?"

"मला काय म्हाईत, मावशी."

ती उंबऱ्यावर बसली. मी भांडणाची तयारी करून होतो, पण ती भांडली नाही. म्हणाली, "आप्रेशन झाल्यावर दोन महिने मी तिचं समदं केलं. अंगाखालचं काढलं. पाणी तापवून दिलं. कॅन्सर म्हणले म्हणून देवाला कौल लावून आले, पायी. आन् ती पडल्या पडल्या मह्याकडं बघायची. तवा तिला सांगता आलं नसतं का? मी काय वैरीण व्हते तिची?" मग ती उठली आणि कार्ड तिथंच ठेवून गेली.

द्वारका दुसऱ्या दिवशी आली. तोंडावरून पदर ओढलेला होता, पण ओठ सुजलेला दिसत होता. शेडमध्ये तीन बायका मागांवर होत्या. मंदा ताणा गुंडाळायच्या ड्रमजवळ उभी होती. माग थांबले. द्वारका मंदाकडं गेली नाही, माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, मी ही गोष्ट सख्ख्या आईला सांगितली न्हाई. एकट्या वहिनीला सांगितली व्हती. त्या बाईपत्तोर कशी गेली?"

मी वर बघितलं. मंदा माझ्याकडं बघत होती. तिला सगळं कळलं होतं, त्याच वेळी कळलं होतं. तीन बायका हात थांबवून ऐकत होत्या. माझ्या तोंडात खरं उत्तर होतं. दोन शब्दांचं होतं. मी म्हणालो, "बायकांच्या बोलण्यात निघालं असंल."

द्वारका वळली. "वहिनी?"

मंदा जागची हलली नाही. ड्रमवरचा धागा तिच्या बोटात होता, तो तिनं सोडला नाही.

"तुमाला लेक न्हाई, वहिनी," द्वारका म्हणाली. "एक पोरगाच हाय. म्हणून बोललात." एवढं बोलून ती गेली. तिची चप्पल एका पायात नीट गेली नव्हती, ती तशीच फरपटत रस्त्यापर्यंत गेली.

त्या दिवशी बायका गेल्यावर मी मंदाला विचारलं, तू का गप्प राहिलीस? ती म्हणाली, "मी बोलले असते तर उद्यापासून तुमच्या शेडात कोण बाई आली असती? आन् तुमाला सांगितलं मीच व्हतं ना." मग म्हणाली, "हात धुवा, जेवायला बसा."

मी मॅडमना फोन केला. त्या फोनवर रडल्या. म्हणाल्या, "पण मी तुम्हाला विचारलं होतं." त्यांनी विचारलं होतं. द्वारकाला काही मदत पाठवते म्हणाल्या, पाठवलीही, ती बबनच्या हाती गेली असं ऐकलं. द्वारकाचं रंगवायचं काम झालं होतं, मागावरचं विणकाम तेव्हा निम्मं बाकी होतं. उरलेल्या स्कार्फना कार्डं बांधायची का नाही, हे मी मॅडमना विचारलं नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही. बायकांना हात लावू न देता ती मी स्वतः बांधली. सगळी. आणि माल पाठवून दिला. याला कुठलंच कारण माझ्यापाशी नाही.

द्वारकाला तिच्या भावानं पाटोद्याकडं माहेरी नेलं. मुली बबननं ठेवून घेतल्या. महिन्याभरात त्यानं दुसरी बायको केली. आणि त्याच्या आधी, तुळशीचं लग्न झाल्या झाल्या, आरतीचं लग्न लावून दिलं. ती नववीत होती. जोडीनं ऊस तोडायला माणूस लागतं, आणि लग्न झालेली जोडी टोळीत लगेच घेतात. वाडीतून टोळीचा ट्रक गेला तो आमच्या शेडवरूनच. मी माग चालवत होतो. आवाजावरून ओळखलं, बाहेर आलो नाही.

मंदा त्यानंतर सहा वर्षं जगली. शेडचं काम पहिल्यासारखंच करायची. मला वेळेवर वाढायची, माझ्या गुडघ्यांना तेल लावायची. फरक एवढाच पडला की कुणाच्या घरी काय झालं, कोण बाई काय म्हणाली, हे तिनं मला पुन्हा कधी सांगितलं नाही. आधी जेवताना तिचं तोंड बंद नसायचं. आता भाजी, मीठ, पाणी. मी कधी विचारलं, आज काय विशेष? ती म्हणायची, "काही न्हाई." शेवटी तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा बीडला डायलिसिसला न्यायचो. बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून बसायची. तिची माफी मागायला मला तेव्हा पुष्कळ वेळ होता, अख्खा रस्ता होता. मी म्हणायचो, पाणी पाहिजे का, खिडकी लावू का.

ती गेल्यावर वर्षानं मी पाटोद्याला गेलो. द्वारकाचं माहेर तिथून आत एका गावात आहे. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवते, भावाच्या घराशेजारी दोन खोल्यांत राहते. सोनी तिच्याकडं पळून आली होती, ती आत अभ्यास करत होती. द्वारकाचे केस पांढरे झालेत. मला पाहून ती उठली, चटई टाकली, बसा म्हणाली. मंदा गेल्याचं तिला कळलं होतं. ओळखीच्या माणसाशी बोलावं तशी बोलली. पाऊस कसा झाला, माग किती चालतात. रंगाचं काम करतेस का म्हणून मी विचारलं. "न्हाई," म्हणाली. आरतीचं विचारलं. "फडावर हाय. दोन लेकरं झाली, दोनी बी पोरगेच. सासू लई खूश हाय तिची."

मग मी सांगितलं. बोलली ती मंदा नव्हे, मीच बोललो. मॅडमना मी सांगितलं. त्यांनी तुला विचारा म्हटलं होतं, तेही विचारलं नाही. कार्डावर काय आहे याचा मला अंदाज होता आणि तरी ते तुझ्या हातानं बांधून घेतलं, घरी नेऊ दिलं. आणि त्या दिवशी तुझ्यासमोर खोटं बोललो. हे सगळं मी तोंडपाठ करून गेलो होतो, त्यामुळे न थांबता बोललो.

द्वारका रडेल, ओरडेल, हाकलून देईल, अशी माझी तयारी होती. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. ती चटईच्या काडीशी चाळा करत म्हणाली, "वहिनी आल्त्या हितं."

मला माहीत नव्हतं. "कधी?"

"मी आल्यावर दुसऱ्या वर्सी. भर उन्हाळ्याची, बारा वाजता. ष्ट्यांडवरून चालत आल्त्या. आरतीसाठी लुगडं आणलं व्हतं. ह्या इथं, दारात उभ्या राहिल्या. मी म्हणलं, मह्या उंबऱ्याच्या आत पाय ठिवू नका. तोंडाला कोरड पडली व्हती त्यांच्या, मला दिसत व्हतं. मी पाणी सुदिक दिलं न्हाई." तिनं काडी मोडली. "त्या काही बोलल्या न्हाईत. म्या नव्हं, त्यांनी केलं, एवढं जरी म्हणल्या असत्या. लुगडं उंबऱ्यावर ठिवलं आन् गेल्या. मी ते बी फेकून दिलं."

मी काहीतरी बोलायला गेलो. तिनं हात वर केला.

"त्या व्हत्या तवर यायचं व्हतं, दादा. आता मला हे सांगून काय करू मी?"

ती आत गेली. सोनीला काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तांब्या आणि पेला होता. ते तिनं माझ्यासमोर खाली ठेवलं, हातात दिलं नाही.

"पाणी प्या," ती म्हणाली, "आन् जावा."

दारात ती तशीच उभी राहिली, मी उठेपर्यंत. नेकनूरहून निघाल्यापासून मी काही प्यालो नव्हतो. मला तहान लागली होती. मी प्यालो.